ब्रसेल्सचा नियम महापालिकेच्या टेबलापर्यंत कसा पोचतो?

१९८०च्या दशकाच्या अखेरीस मिलान महापालिकेला घाई होती. १९९०चा फुटबॉल विश्वचषक इटलीत होणार होता आणि त्याआधी शहरातलं स्टेडियम दुरुस्त करून तयार ठेवायचं होतं. पालिकेनं निविदा मागवल्या. फ्रातेल्ली कोस्तांझो नावाच्या बांधकाम कंपनीनंही दर भरला. तो इतका कमी होता की पालिकेनं ती निविदा बाद केली आणि काम दुसऱ्या कंपनीला दिलं. एवढ्या पैशांत हे काम तुम्ही कसं करणार, असं कोस्तांझोला कुणी विचारलंच नाही.

कागदोपत्री पालिकेची बाजू भक्कम होती. इटलीच्या सरकारनं १९८७मध्ये काही काळापुरती तरतूद केली होती: आलेल्या सगळ्या निविदांची सरासरी काढायची आणि तिच्यापेक्षा ठरावीक टक्क्यांहून जास्त खाली असलेली निविदा आपोआप बाद करायची. वेळ वाचतो, वाद होत नाहीत. आपल्याकडचे ठेकेदार ज्याला 'बिलो' भरणं म्हणतात, त्याचा हा सरळ बंदोबस्त होता. अडचण एवढीच, की सरकारी बांधकामांबद्दल ब्रसेल्सहून चालणाऱ्या युरोपीय समुदायाचा, म्हणजे आजच्या युरोपीय महासंघाच्या आधीच्या रूपाचा, १९७१चा एक डायरेक्टिव्ह, म्हणजे निर्देश, आधीपासून होता. दर संशयास्पद कमी वाटला तर आधी ठेकेदाराकडे खुलासा मागा, तो तपासा आणि मगच निर्णय घ्या, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं.

मग पालिकेच्या अधिकाऱ्यानं ऐकायचं कुणाचं? आपल्या देशाच्या कायद्याचं, की ब्रसेल्सहून आलेल्या निर्देशाचं? प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं. २२ जून १९८९ला निकाल लागला आणि तो आजही खरेदी कायद्याच्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच शिकवला जातो. न्यायालय म्हणालं, निर्देशातली ही तरतूद पुरेशी स्पष्ट आणि बिनशर्त आहे. तिच्याशी विसंगत असलेला देशी कायदा बाजूला ठेवणं हे न्यायाधीशांचं तर काम आहेच, पण ते महापालिकेचंही काम आहे.

या शेवटच्या वाक्याचं वजन लक्षात घ्या. निविदा उघडणाऱ्या कर्मचाऱ्यानं संसदेचा कायदा बाजूला सारावा, असं कुठल्याच देशाला आवडणार नाही. पण निर्देश देशी कायद्यात नीट उतरवला नाही, की हा भार शेवटी त्याच्याच टेबलावर येऊन पडतो. म्हणून युरोपातल्या सरकारांसाठी 'निर्देश आपल्या कायद्यात कसा आणायचा' हा मोठा उद्योग झाला आहे.

निर्देश म्हणजे नेमकं काय

युरोपीय महासंघाकडे कायदे करण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला रेग्युलेशनचा, म्हणजे विनियमाचा. तो लागू झाला की सत्तावीसही देशांत जसाच्या तसा कायदा होतो, कुणाच्या संसदेनं वेगळं काही करायची गरज राहत नाही. दुसरा मार्ग निर्देशाचा. महासंघाच्या कारभारासंबंधीच्या कराराचं कलम २८८ सांगतं की निर्देश साध्य काय करायचं याबाबत बंधनकारक असतो. ते कोणत्या स्वरूपात आणि कोणत्या पद्धतीनं करायचं, हे प्रत्येक देशानं ठरवायचं. सोबत एक मुदत असते. त्या मुदतीत देशानं आपला कायदा बदलून घ्यायचा.

सरकारी खरेदीसाठी निर्देशाचाच मार्ग निवडला गेला, याला कारण आहे. शाळेची इमारत, रुग्णालयाची औषधं, पालिकेची कचरागाडी यांची खरेदी प्रत्येक देशाच्या प्रशासनाच्या घडणीत खोलवर रुतलेली असते. जर्मनीत घटकराज्यं आहेत, फ्रान्समध्ये प्रशासकीय न्यायालयांची जुनी वेगळी परंपरा आहे, डेन्मार्क छोटा आणि आटोपशीर आहे. एकच मजकूर या सगळ्यांत तसाच बसवता येत नाही. आणि पैसा थोडाथोडका नाही. महासंघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाच्या अंदाजानुसार महासंघातल्या सार्वजनिक संस्था वर्षाला सुमारे २ लाख कोटी युरोंची खरेदी करतात, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या साधारण १४ टक्के.

सध्याचे तीन निर्देश २६ फेब्रुवारी २०१४चे आहेत. एक सर्वसाधारण सरकारी खरेदीचा, एक पाणी, वीज, वाहतूक, टपाल अशा सेवांचा आणि एक सवलत-कंत्राटांचा, म्हणजे ठेकेदारानं बांधायचं आणि वापरणाऱ्यांकडून पैसे वसूल करायचे अशा कामांचा. ते देशी कायद्यात आणायची मुदत होती १८ एप्रिल २०१६. ब्रिटन तेव्हा महासंघात होता. इंग्लंडमध्ये नवे नियम फेब्रुवारी २०१५मध्येच लागू झाले, मुदतीच्या वर्षभर आधी. जर्मनीचा कायदा नेमक्या १८ एप्रिलला लागू झाला. स्पेनचा नवा कायदा मात्र मार्च २०१८मध्ये अमलात आला. मधली जवळपास दोन वर्षं स्पॅनिश कार्यालयांना जुना कायदा आणि मुदत उलटलेला निर्देश असे दोन्ही समोर ठेवून काम करावं लागलं. मिलानच्या निकालामुळे निर्देशाकडे दुर्लक्ष करायची सोय उरलेली नव्हतीच.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. हे निर्देश प्रत्येक छोट्या खरेदीला लागू नाहीत. एका रकमेच्या वरच्या कामांनाच लागू आहेत आणि ही रक्कम दर दोन वर्षांनी बदलते. २०२४-२५साठी बांधकामाची मर्यादा ५५ लाख ३८ हजार युरो होती, तर केंद्र सरकारच्या कार्यालयांनी घ्यायच्या वस्तू आणि सेवांची १ लाख ४३ हजार. मर्यादेखाली ठेवण्यासाठी कामाचे तुकडे पाडणं निषिद्ध आहे. आपल्याकडे पालिकेच्या कारभाराची बातमी वाचणाऱ्यालाही तुकडे पाडणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

उतरवून घेणं आणि नव्यानं लिहिणं

देशी कायदा करताना सरकारं साधारण दोन टोकांच्या मधे कुठेतरी उभी राहतात. एका टोकाला आहे मजकूर जवळजवळ जसाच्या तसा उतरवणं. इंग्लंडनं २०१५मध्ये तेच केलं. फायदा असा, की आपण काही गाळलं किंवा चुकीचं लिहिलं असा आरोप कुणी करू शकत नाही. तोटा असा, की निर्देशातली वाक्यं देशादेशांतल्या घासाघिशीतून तयार झालेली असतात. जिथे एकमत झालं नाही तिथे भाषा मुद्दाम सैल ठेवलेली असते. ती संदिग्धता उतरवणारा देश आपल्या अधिकाऱ्यांच्या पदरात टाकतो आणि मोकळा होतो.

डेन्मार्कचा प्रवास मला जास्त बोलका वाटतो. त्याआधीच्या २००४च्या निर्देशाच्या वेळी डेन्मार्कनं एक आदेश काढून निर्देश सरळ परिशिष्ट म्हणून जोडला होता. २०१४नंतर मात्र त्यांनी स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या मांडणीत खरेदीचा पूर्ण कायदा लिहिला. तो १ जानेवारी २०१६ला लागू झाला. खरेदीशी रोज संबंध येणाऱ्या माणसाला वाचून कळेल असा मजकूर द्यायचा तर हे कष्ट घ्यावेच लागतात.

शिवाय निर्देश सगळंच ठरवून देत नाही. काही ठिकाणी तो देशांना निवड देतो. फक्त किमतीवर कंत्राट द्यायला बंदी घालायची का? मोठ्या कामाचे छोटे भाग करणं सक्तीचं करायचं का, की भाग का केले नाहीत याचं कारण लिहून ठेवलं तर पुरे? पोटकंत्राटदाराला थेट पैसे द्यायचे का? भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग, बालमजुरी अशा गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कंपनीला बाहेर ठेवणं सगळीकडे सक्तीचं आहे, पण इतर काही कारणं देशानं सक्तीची करायची की खरेदीदारावर सोडायची, हे देशाच्या हाती आहे. बाहेरून तांत्रिक वाटणाऱ्या या निवडींत प्रत्येकाचं राजकारण असतं. लहान उद्योगांची संघटना एका बाजूला, मोठे कंत्राटदार दुसऱ्या बाजूला आणि कामगार संघटना तिसऱ्या.

जर्मनीची युक्ती

मजकूर अचूक उतरवला तरी नियम मेलेला राहू शकतो, हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते जर्मनीत. माझ्या मते या विषयाचं मर्म तिथेच आहे.

जर्मनीत सरकारी खरेदीकडे पिढ्यान् पिढ्या सरकारच्या घरातला हिशेब म्हणून पाहिलं जायचं. करदात्याचा पैसा काटकसरीनं खर्च व्हावा म्हणून अधिकाऱ्यांसाठी नियम होते. ते नियम मोडले तर लेखापरीक्षक ताशेरे मारतील, वरिष्ठ विचारतील. निविदा हरलेल्या कंपनीचा त्याच्याशी संबंध काय? तिला कंत्राट मिळण्याचा हक्क थोडाच होता?

युरोपच्या निर्देशांचा हेतू मात्र वेगळा होता. बेल्जियममधल्या कंपनीला बव्हेरियातल्या पुलाच्या कामात प्रामाणिक संधी मिळायची असेल, तर स्थानिक लेखापरीक्षकावर भरवसा ठेवून तिचं भागणार नाही. तिला स्वतःला तक्रार करता आली पाहिजे. म्हणून १९८९मध्ये आणखी एक निर्देश आला, खास दाद मागण्याबद्दलचा.

जर्मनीनं १९९३मध्ये हे सगळं आपल्या कायद्यात आणलं, पण अर्थसंकल्पीय तत्त्वांच्या कायद्यात. वाक्यं होती, देखरेख समित्याही नेमल्या होत्या. पण तो कायदा सरकारच्या आतल्या कारभाराचा असल्यामुळे त्यातून निविदाकाराला न्यायालयात मागता येईल असा हक्क निर्माण होत नव्हता. हे नजरचुकीनं झालेलं नव्हतं. व्यक्तीला दावा करता येईल असे हक्क तयार होऊ नयेत, हा हेतू तेव्हा उघडपणे मांडला गेला होता. जर्मन कायदेपंडित याला आजही 'अर्थसंकल्पीय तोडगा' म्हणतात.

१९९५मध्ये युरोपीय न्यायालयानं जर्मनीविरुद्ध निकाल दिला. प्रकरण या तोडग्याच्याही आधीच्या व्यवस्थेचं होतं, जेव्हा निर्देश केवळ प्रशासकीय नियमांतून पाळले जात होते. पण न्यायालयानं मांडलेलं सूत्र तोडग्यालाही लागू पडत होतं: खरेदीचे नियम निविदाकाराला सरकारच्या मनमानीपासून वाचवण्यासाठी आहेत, म्हणून ते त्याला आपले हक्क कळतील आणि गरज पडल्यास न्यायालयात बजावता येतील अशाच स्वरूपात देशी कायद्यात आले पाहिजेत.

अखेर १ जानेवारी १९९९पासून जर्मनीनं खरेदीचे नियम अर्थसंकल्पाच्या कायद्यातून उचलून स्पर्धा कायद्यात नेले. मक्तेदारी आणि संगनमत यांना आळा घालणारा तो कायदा. त्यात एक छोटं वाक्य आलं: खरेदीदारानं प्रक्रियेचे नियम पाळावेत यावर कंपन्यांचा हक्क आहे. दाद मागण्यासाठी खास खरेदी न्यायमंडळं नेमली गेली. त्यांनी साधारणपणे पाच आठवड्यांत निर्णय द्यायचा आणि त्याविरुद्ध उच्च प्रादेशिक न्यायालयात जाता यायचं. मंडळानं तक्रारीची माहिती खरेदीदाराला दिली की कंत्राटावर सही करायला मनाई.

नियमांचा गाभा तोच राहिला. कायद्याचं पुस्तक बदललं आणि हरलेल्या कंपनीच्या हातात काहीतरी आलं.

तरी जर्मनीनं जुनी वृत्ती पुरती सोडलेली नाही. मर्यादेखालच्या खरेदीला ही खास दाद मिळत नाही. २००६मध्ये जर्मन घटना न्यायालयानं या दुहेरी व्यवस्थेला मान्यता दिली. म्हणजे एकाच कार्यालयात, एकाच अधिकाऱ्यानं काढलेल्या दोन निविदांपैकी मोठीत हरणाऱ्याला न्यायमंडळाचा दरवाजा उघडा असतो आणि छोटीत हरणाऱ्यासाठी तो बंद असतो. मला हे खटकतं. छोट्या कामांवर जगणाऱ्या छोट्या ठेकेदारालाच संरक्षणाची जास्त गरज असते.

त्याच दिवशी सही

हक्क दिला, पण तो वापरायला वेळच दिला नाही तर? ऑस्ट्रियातलं उदाहरण पाहा. १९९६मध्ये तिथल्या मंत्रालयानं महामार्गांवरच्या स्वयंचलित माहिती-प्रसारण यंत्रणेसाठी निविदा काढली. ५ सप्टेंबरला काम काप्श या कंपनीला द्यायचं ठरलं आणि त्याच दिवशी करारावर सह्याही झाल्या. बाकीच्या कंपन्यांना ही गोष्ट वर्तमानपत्रांतून कळली. अल्काटेल ऑस्ट्रिया आणि इतर काहींनी तक्रार केली. तेव्हाच्या ऑस्ट्रियन व्यवस्थेत काम देण्याचा निर्णय आणि करार या दोन गोष्टी व्यवहारात एकच होत्या. करार झाल्यावर निर्णय रद्द करता येत नव्हता, फार तर नुकसानभरपाई मागता येत होती. पण 'आम्हालाच काम मिळालं असतं' हे सिद्ध करणं किती अवघड असतं, हे त्या वाटेनं गेलेला कुणीही सांगेल.

ऑक्टोबर १९९९मध्ये युरोपीय न्यायालयानं ठरवलं की काम कुणाला द्यायचं हा निर्णय कराराच्या आधीच तपासता आला पाहिजे आणि गरज पडल्यास रद्दही करता आला पाहिजे. यातून २००७चा निर्देश आला. निर्णय कळवल्यानंतर कमीत कमी १० दिवस थांबायचं, पत्र टपालानं पाठवलं असेल तर १५ दिवस, आणि त्यानंतरच सही. हा थांबा न पाळता, दाद मागायची संधी हिरावून घेत घाईनं केलेला करार काही परिस्थितींत निष्प्रभ ठरवता येतो.

हे दहा दिवस म्हणजे या साऱ्या व्यवस्थेचा कणा आहे, असं मी म्हणेन. तुमची निविदा कुठे कमी पडली आणि जिंकलेली कशात सरस ठरली, हे खरेदीदारानं लिहून कळवायचं असतं. ते पत्र घेऊन कंपनीचा माणूस वकिलाकडे जाऊ शकतो. ब्रिटननं महासंघ सोडल्यावर स्वतःचा खरेदी कायदा केला, तो २४ फेब्रुवारी २०२५ला लागू झाला. त्यात युरोपच्या कितीतरी गोष्टी बदलल्या, पण करारापूर्वीचा थांबा ठेवला: कामकाजाचे ८ दिवस. स्कॉटलंडनं तर आपले युरोपच्या काळातले नियमच चालू ठेवले आहेत.

चांगल्या हेतूनं घातलेली भर

कधी देश निर्देशापेक्षा जास्त कडक नियम करतात. इटलीत मोठ्या कामांची पोटकंत्राटं हा माफियांचा शिरकाव करण्याचा जुना मार्ग. म्हणून इटलीनं पोटकंत्राटावर एकूण कामाच्या ३० टक्क्यांची मर्यादा घातली. मिलानजवळच्या ए-८ महामार्गाला पाचवी मार्गिका जोडायच्या साडेआठ कोटी युरोंच्या कामात विताली नावाच्या कंपनीला या मर्यादेमुळे बाद केलं गेलं आणि तिनं आव्हान दिलं.

२६ सप्टेंबर २०१९च्या निकालात न्यायालयानं इटलीचा हेतू मान्य केला. संघटित गुन्हेगारी रोखणं हे रास्तच कारण आहे. पण काम कोणतं, पोटकंत्राटदार कोण, याचा काहीच विचार न करता सरसकट बंदी घालणं गरजेपेक्षा जास्त झालं. इटलीनं मर्यादा हळूहळू सैल केली आणि १ नोव्हेंबर २०२१पासून ती सरसकट मर्यादा काढून टाकली. मला इथे इटलीच्या अधिकाऱ्यांबद्दल सहानुभूती वाटते. टक्केवारीचा नियम आंधळा असतो, पण तो पाळला की नाही हे कुणालाही पटकन तपासता येतं. प्रत्येक पोटकंत्राटदाराची चौकशी करायची तर माणसं लागतात, वेळ लागतो आणि धमक्यांना न भिणारा अधिकारी लागतो. न्यायालयाचं तर्कशास्त्र बरोबर आहे, पण त्याची किंमत स्थानिक कार्यालय मोजतं.

बाहेरच्या कंपन्यांचं काय

भारतीय वाचकाला थेट लागू पडणारा एक निकाल ऑक्टोबर २०२४चा आहे. क्रोएशियातल्या एका रेल्वेमार्गाच्या कामासाठी कोलिन या तुर्की कंपनीनं निविदा भरली होती. काम दुसऱ्याला मिळालं, म्हणून तिनं क्रोएशियाच्या कायद्यानुसार दाद मागितली. त्या कायद्यात निर्देशाचे नियम रीतसर उतरवलेले होते आणि त्यात सर्वांना समान वागणूक असं लिहिलेलं होतं. युरोपीय न्यायालय म्हणालं, ज्या देशाचा महासंघाशी खरेदीबाबत करार नाही, त्या देशातल्या कंपनीला या समान वागणुकीवर दावा सांगता येणार नाही. तिला स्पर्धेत घ्यायचं की नाही, हे महासंघानं काही ठरवलेलं नसेल तर खरेदीदार ठरवेल. देशाला स्वतःच्या कायद्यातून हा दरवाजा उघडता येणार नाही, कारण परकीय व्यापाराचं धोरण हे संपूर्णपणे महासंघाचं क्षेत्र आहे.

जागतिक व्यापार संघटनेच्या छत्राखाली सरकारी खरेदीचा एक वेगळा करार आहे. त्यात सही करणाऱ्या देशांच्या कंपन्यांना एकमेकांच्या बाजारात करारानुसार संधी मिळते. महासंघ त्यात आहे. भारत २०१०पासून फक्त निरीक्षक आहे. म्हणून पुणे-चाकण पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्यानं युरोपातल्या सरकारी निविदेत थेट उतरायचं ठरवलं, तर निविदेच्या कागदांत बाहेरच्या देशांबद्दल काय लिहिलं आहे ते आधी वाचलेलं बरं. युरोपात नोंदवलेल्या उपकंपनीमार्फत भाग घेणं हा निराळा विषय आहे.

भारतात केंद्राच्या पातळीवर सरकारी खरेदीचा स्वतंत्र कायदाच नाही. २०१२मध्ये विधेयक लोकसभेत मांडलं गेलं आणि मंजूर न होताच बारगळलं. २०१७चे सामान्य वित्तीय नियम आहेत, ते मुळात कार्यालयांसाठी लिहिलेले. तमिळनाडू, कर्नाटक, राजस्थान यांनी आपापले कायदे केले आहेत. बाकी हरलेला निविदाकार उच्च न्यायालयात रिट याचिका घेऊन जातो. १९९३च्या जर्मनीत निविदाकाराची जी अवस्था होती, तिच्याशी हे पुष्कळ जुळतं.

युरोपात आता पुढचा फेरा सुरू होतो आहे. युरोपीय लेखापरीक्षण न्यायालयानं, म्हणजे महासंघाचे हिशेब तपासणाऱ्या संस्थेनं, २०२३मध्ये दिलेल्या अहवालात दिसलं की २०११ ते २०२१ या काळात स्पर्धा उलट घटली. एकच निविदा आलेल्या कामांचं प्रमाण २३.५ टक्क्यांवरून ४१.८ टक्क्यांवर गेलं. २०१४चे निर्देश स्पर्धा वाढवायला आणले होते, आणि घडलं हे. आयोगानं त्यांची फेररचना करायचं जाहीर केलं आहे. ती पुन्हा निर्देशाच्या रूपात आली, तर सत्तावीस देशांच्या संसदांना मुदत मिळेल, मसुदे होतील, काही देश उशीर करतील, काही जास्तीची भर घालतील. विनियमाच्या रूपात आली, तर तोच मजकूर एका दिवशी लिस्बनपासून हेलसिंकीपर्यंत कायदा होईल आणि जर्मन खरेदी न्यायमंडळ, फ्रेंच प्रशासकीय न्यायाधीश आणि डॅनिश अधिकारी यांना तो आपापल्या व्यवस्थेत स्वतःच बसवून घ्यावा लागेल.